वाचक विचारतात : कॉफी यंत्राचा नारिंगी दिवा विझत का नाही?

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. गेल्या दिवाळीत मुलाने आम्हाला कॅप्सूलवर चालणारे कॉफीचे छोटे यंत्र भेट दिले. आम्ही दोघे मिळून दिवसाला चार कप कॉफी घेतो. तीन महिने सगळे सुरळीत चालले आणि मग बटणाशेजारचा नारिंगी दिवा लुकलुकू लागला. हा क्षार काढण्याचा इशारा आहे, असे माहितीपुस्तिकेत दिले आहे. म्हणून क्षार काढण्याचे औषध मागवले, ते पाण्यात मिसळून टाकीत ओतले, नेहमीसारखे बटण दाबून सगळे पाणी बाहेर काढले आणि नंतर दोन टाक्या साधे पाणी फिरवले. दिवा मात्र होता तसाच आहे. कॉफीही पूर्वीइतकी कढत येत नाही आणि धार बारीक झाली आहे. यंत्र दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवावे लागेल, असे दुकानदार म्हणतात. पाठवावे का? आणि तोपर्यंत यंत्र वापरले तर चालेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : यंत्र इतक्यात पुण्याला पाठवू नये. आपण औषध वापरलेत हे योग्यच केलेत, पण ते वापरल्याचे यंत्राला कळलेले नाही, अशी दाट शक्यता आपल्या पत्रावरून दिसते.

हे असे का होते, ते समजण्यासाठी दिवा कशावर लागतो हे पाहावे लागेल. यंत्राच्या आत साचलेला क्षार पाहू शकेल असे काहीही बहुतेक घरगुती यंत्रांत नसते. टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक अगदी लहान चक्र बसवलेले असते, पाणी वाहू लागले की ते फिरते आणि त्याचे फेरे यंत्र मोजत राहते. त्यावरूनच कपात किती पाणी सोडायचे हे ठरते आणि त्याच फेऱ्यांवरून आजवर एकूण किती लिटर पाणी तापवले याचा हिशेबही चालू राहतो. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती आहेत, हे यंत्र स्वतः तपासत नाही. ते आपण सुरुवातीला त्याला सांगायचे असते. ठरलेले लिटर पूर्ण झाले की दिवा लागतो. आपले चार कप धरले तर नव्वद दिवसांत ३६० कप होतात, आणि लहान कपाला ४० व मोठ्या कपाला ११० मिलिलिटर धरल्यास साधारण १४ ते ४० लिटर पाणी आतून गेलेले असते. तेवढ्यावर इशारा येणे यात बिघाडाचे काहीच नाही.

हा हिशेब पुन्हा शून्यावर येतो तो यंत्र क्षार काढण्याच्या अवस्थेत नेऊन ती अवस्था शेवटपर्यंत पूर्ण केल्यावरच. आपण औषधाचे पाणी कॉफीच्या नेहमीच्या बटणाने बाहेर काढलेत, त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने आपण एकामागून एक मोठे कप कॉफी केलीत, इतकेच झाले. हिशेब शून्यावर यायचा तो उलट आणखी पुढे सरकला. या अवस्थेत जाण्याची खूण प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. काहींत दोन्ही बटणे एकदम काही सेकंद दाबून धरावी लागतात, काहींत यंत्र बंद असताना झाकणाच्या खिट्टीबरोबर बटण दाबावे लागते. म्हणून यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच क्रमांकाची पुस्तिका पाहावी. दिवा किती वेळा लुकलुकतो, मध्ये किती थांबतो आणि रंग बदलतो का, हे नुसत्या नजरेने लक्षात राहत नाही. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रण करून ते पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून पाहिले तर चूक होत नाही. पुढे दुरुस्ती केंद्राशी बोलण्याची वेळ आलीच, तरी हेच चित्रण कामाला येते.

आता प्रत्यक्ष कृती. यंत्रात कॅप्सूल राहिलेले नाही याची खात्री करावी, वापरलेल्या कॅप्सूलचा डबा आणि खालचा ट्रे रिकामा करावा, आणि तोटीखाली किमान एक लिटरचे पातेले ठेवावे. पाणी आणि औषध यांचे प्रमाण औषधाच्या पाकिटावर असेल तेच घ्यावे; जास्त औषध म्हणजे जास्त सफाई, असे होत नाही. मग क्षार काढण्याच्या अवस्थेत जाऊन यंत्र सुरू करावे. काही यंत्रे पाणी एकदम सोडत नाहीत, थोडे सोडून थांबतात आणि पुन्हा सोडतात. ते थांबणे मुद्दाम असते, कारण औषधातल्या आम्लाला क्षाराच्या थरावर काम करायला वेळ लागतो. त्या वेळी यंत्र अडले असे समजून प्लग काढू नये. औषध संपल्यावर टाकी घासून धुवावी, स्वच्छ पाण्याने भरावी आणि पुस्तिकेत सांगितल्याइतक्या वेळा पूर्ण टाकी फिरवावी. शेवटी त्या अवस्थेतून बाहेर पडण्याची जी खूण असेल ती विसरू नये. सगळे करून शेवटची खूणच राहून गेल्यामुळे दिवा तसाच राहिला, असेही पुष्कळदा घडते.

एक काळजी मात्र आवर्जून घ्यावी. आपल्याकडे स्वयंपाकाचा ओटा बहुधा कडप्प्याचा असतो आणि जमिनीवर शहाबादी फरशी असते. हे दोन्ही दगड चुनखडकाचे आहेत, म्हणजे यंत्रात साचणारा पांढरा थर आणि आपला ओटा यांतला मुख्य पदार्थ एकच, कॅल्शियम कार्बोनेट. औषधाला त्यांच्यातला फरक कळत नाही. माझ्या ओट्यावर गॅसच्या डावीकडे रुपयाएवढा एक फिकट डाग आहे. औषधाच्या पाण्याचे दोन-तीन थेंब तिथे सांडले, बारीक फेस आला, मी लगेच पुसले, तरी तेवढ्यात दगडाची झिलई गेली आणि ती पुन्हा आली नाही. म्हणून यंत्र मोठ्या स्टीलच्या परातीत ठेवूनच हे काम करावे.

कॉफी कमी कढत येणे आणि धार बारीक होणे, या आपल्या दोन तक्रारी दिव्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत, कारण आत थर खरोखरच साचला असल्याचे त्या सांगतात. तो नेमका कुठे साचतो हे समजून घ्यावे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट थंड पाण्यात तसेच विरघळलेले राहते. पाणी तापले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. त्यामुळे टाकी पाहून यंत्राची परीक्षा करता येत नाही. टाकी काचेसारखी स्वच्छ असते आणि पुढे जिथे पाणी प्रथम तापते त्या धातूच्या ठोकळ्यातील काही मिलिमीटर रुंदीच्या नळीत थर बसत असतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही. ठोकळा ठरलेल्या तापमानाला पोचतो, यंत्र तयार असल्याचा दिवा लागतो, पण मधल्या थरामुळे पाण्याला तेवढी उष्णता मिळत नाही. घरातल्या गिझरचे एलिमेंट कधी बाहेर काढलेले पाहिले असेल, तर त्यावरचे पांढरे कवच आठवून पाहावे.

एक सोपी परीक्षा घरीच करता येते. कॅप्सूल न घालता लहान कपाचे बटण दाबावे आणि पाणी मापाच्या भांड्यात घ्यावे. कॅप्सूल नसताना धार मोकळी आणि सलग पडली, तर यंत्राची वाट मोकळी आहे आणि अडचण कॅप्सूलमध्ये किंवा कॅप्सूलला भोक पाडणाऱ्या सुयांपाशी आहे. कॅप्सूल नसतानाही थेंब थेंब पडत असेल, तर आत थर आहे. ही परीक्षा सफाईच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करावी आणि लागलेले सेकंद लिहून ठेवावेत. पहिल्या सफाईनंतर धार थोडीच सुधारली, तर एक दिवस जाऊ देऊन सफाई पुन्हा करायला हरकत नाही. जुना थर एका वेळी सुटत नाही.

आता पाण्याविषयी, कारण या प्रश्नाचे मूळ तिथेच आहे आणि आपण पत्रात त्याचा उल्लेख केलेला नाही. सोलापूर शहराला उजनी धरण, भीमेवरील टाकळी आणि हिप्परगा तलाव येथून पाणी मिळते, पण ते रोज येत नाही. काही दिवसांआड येणारे पाणी आपण हौदात व टाक्यांत साठवतो आणि कमी पडले की बोअरचे पाणी किंवा टँकर त्यात मिसळतो. खडकातून झिरपत गेलेले बोअरचे पाणी धरणाच्या पाण्यापेक्षा सामान्यतः जड असते. त्यामुळे एकाच घरात एकाच महिन्यात दोन-तीन प्रकारचे पाणी यंत्रात जाते आणि यंत्र मात्र सुरुवातीला सांगितलेल्या एकाच आकड्यावर हिशेब करत राहते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी या यंत्रालाही जड जाते.

पाण्याच्या काठिण्याची, म्हणजे जडपणाची, चाचणी करण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. काही यंत्रांच्या खोक्यातच एक पट्टी दिलेली असते आणि ती न वापरता पुस्तिकेत तशीच राहून जाते. ती शोधावी. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण काठिण्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. म्हणजे पाणी पिण्यास अगदी योग्य असूनही यंत्राच्या दृष्टीने जड असू शकते. समजा, लिटरला ४०० मिलिग्रॅम काठिण्याचे पाणी असेल, तर ४० लिटरमध्ये १६ ग्रॅम ऐवज होतो. तो सगळा काही आत बसत नाही, बराचसा कपातून निघून जातो. पण इतक्या अरुंद नळीत त्याचा लहानसा भागही पुरेसा असतो.

घरी आरओ असेल, तर तेच पाणी टाकीत घालावे आणि यंत्रातील काठिण्याची पातळी त्याप्रमाणे खाली आणावी. अनेक यंत्रे कारखान्यातून जड पाणी गृहीत धरूनच येतात, त्यामुळे पातळी न बदलल्यास आरओचे पाणी घालूनही दिवा लवकर लागत राहतो. आरओ नसेल, तर आपल्या आजीची रीत चांगली आहे. पाणी खळखळ उकळावे, झाकून रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी तळ न ढवळता वरचे पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. जो थर यंत्रात बसणार होता, त्यातला बराच भाग पातेल्याच्या तळाशी राहतो. सगळा क्षार याने जात नाही, कारण सल्फेट व क्लोराइडच्या रूपातले काठिण्य उकळून निघत नाही, पण यंत्राला खरा त्रास देणारा बायकार्बोनेटचा भाग कमी होतो.

दिवा लागलेला असताना यंत्र वापरले तर लगेच धोका नाही. मात्र महिनोन्‌महिने तसेच चालवत राहिले, तर पाण्याची वाट तुंबते, ठोकळा प्रमाणाबाहेर तापतो आणि आतील उष्णता-फ्यूज उडतो. तो एकदाच उडणारा भाग असतो, पुन्हा जोडला जात नाही, आणि मग पुण्याची वाट खरोखरच धरावी लागते. सफाई नीट पूर्ण करूनही दिवा त्याच पद्धतीने लागत राहिला, यंत्राच्या तळातून पाणी झिरपू लागले किंवा यंत्र लावताच घरातला एमसीबी पडू लागला, तर प्लग काढून ते पाठवावे. स्वतः खोलू नये. आत थेट २३० व्होल्टची जोडणी असते, आणि वॉरंटीही जाते.

प्रश्न : टाकी काठोकाठ भरलेली असतानाही आमचे यंत्र पाणी संपल्याचा दिवा दाखवते. पंप मोठा आवाज करतो, पण पाणी येत नाही. टाकीत गळती नाही.
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : यात दोन वेगवेगळी कारणे असू शकतात आणि आपण सांगितलेल्या आवाजावरून मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, तरी पहिले आधी तपासून घ्यावे, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे.

काही यंत्रांच्या टाकीत एक छोटा तरंगता तुकडा असतो व त्यात लोहचुंबक असतो. पाणी भरले की तो वर येतो आणि टाकीबाहेरील संवेदकाला पाणी असल्याचे कळते. टाकी रिकामी करून उजेडात धरावी. पाण्याच्या रेषेवर खडूने ओढल्यासारखी पांढरी कड दिसली, तर तोच थर त्या तुकड्याच्या खाचेतही असतो आणि तुकडा तळाला चिकटून बसतो. कोमट पाण्यात थोडे लिंबूसत्व घालून टाकी अर्धा तास भिजवावी, मऊ ब्रशने खाच घासावी आणि टाकी उलटसुलट करून तुकडा आपल्या वजनाने खाली-वर सरकतो का ते पाहावे. टाकी यंत्रापासून वेगळी करूनच हे करावे.

दुसरे कारण पंपात शिरलेली हवा. टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत यंत्र चालले की पंप हवा ओढतो. हे पंप लहान दट्ट्याच्या अतिशय जलद मागे-पुढे होण्यावर चालतात; आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला साधारण ५० ठोके पडतात. पाणी भरलेले असेल तर आवाज दबका व भरीव येतो, आत हवा असेल तर तोच आवाज कोरडा, खडखडणारा आणि मोठा होतो. टाकी भरून घट्ट दाबून बसवावी, कॅप्सूल न घालता मोठ्या कपाचे बटण दाबावे आणि आवाज बदलतो का याकडे लक्ष द्यावे. तीन-चार वेळा करूनही पाणी आले नाही, तर टाकी काढून तिच्या तळाची झडप बोटाने दाबून थोडे पाणी जाऊ द्यावे, म्हणजे तिथे कचरा अडकलेला नाही याची खात्री होते. टाकी पुन्हा बसवून प्रयत्न करावा, पण पंप कोरडा असताना सलग अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नये आणि मध्ये त्याला निवू द्यावे.

प्रश्न : क्षार काढण्याचे औषध महाग पडते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व वापरले तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, विजापूर रोड

उत्तर : व्हिनेगर वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि बहुतेक उत्पादकांचेही तेच सांगणे असते. त्याचा वास पुढच्या कित्येक कपांत राहतो आणि आतील रबरी वायसरांना ते मानवत नाही. लिंबूसत्वाची गोष्ट थोडी वेगळी आहे. थंड पाण्यात ते क्षार चांगला विरघळवते, म्हणून टाकी किंवा किटलीसाठी ते उत्तम आहे. पण यंत्रात पाणी तापते, आणि लिंबूसत्वापासून बनणारे कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात उलट कमी विरघळते. जुना थर असेल तर त्याचा पांढरा गाळ अरुंद नळीत बसून वाट अधिक अडण्याची भीती असते. लॅक्टिक आम्लाच्या औषधांत ही अडचण कमी असते, कारण त्यापासून बनणारा क्षार पाण्यात पुष्कळ चांगला विरघळतो. खर्च वाचवायचा असेल तर औषधात काटकसर करण्यापेक्षा पाणी उकळून निवळून वापरावे, म्हणजे औषध वर्षातून कमी वेळा लागेल. फरशी किंवा शौचालय साफ करण्याचे कोणतेही आम्ल या यंत्राजवळही आणू नये. त्याने धातू खाल्ला जातो आणि त्याचा अंश पोटात जाणे घातक आहे.

प्रश्न : सकाळी यंत्र अर्ध्या मिनिटात तयार होते. उन्हाळ्यात संध्याकाळी मात्र तयारीचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो आणि कधी कधी यंत्र आपोआप बंद पडते. हा बिघाड आहे का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : यंत्राआधी विजेचा दाब तपासावा. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी एकदम सुरू झाले की काही भागांत दाब उतरतो. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० व्होल्टवर १३०० वॉट घेणारे यंत्र १९० व्होल्टवर साधारण ८९० वॉटवरच येते. दाब सहाव्या हिश्श्याने उतरला, पण उष्णता जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटली. तयार व्हायला वेळ लागणे त्यातून सरळ येते. परिसरातील वायरमनकडून संध्याकाळच्या वेळी मल्टिमीटरने दाब मोजून घ्यावा, म्हणजे तक्रार यंत्राची की विजेची हे ठरेल.

यंत्र कोणत्या सॉकेटवर आहे, हेही पाहावे. एवढे यंत्र पाच-सहा अँपिअर प्रवाह घेते. मिक्सर, टोस्टर आणि कॉफीचे यंत्र एकाच लांबलचक एक्स्टेंशन बोर्डावर असतील, तर दाब त्या बोर्डातच आणखी पडतो. दहा मिनिटे वापरून झाल्यावर, बटण बंद करून प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात नेऊन पाहावा. पिना चटका बसेल इतक्या तापलेल्या असतील, तर सॉकेट सैल झालेले आहे. ते बदलून घ्यावे आणि यंत्राला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट द्यावा. वीज गेल्यावर हे यंत्र घरगुती इन्व्हर्टरवर चालवू नये. घरांत सर्रास असणाऱ्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरला पंखे आणि दिवे झेपतात, १३०० वॉटचा भार झेपत नाही.